माझ्या दुखवट्याचं तुझं पत्र पोचलं

वेर्बा, सास्कॅचेवान
सोमवार, २८ सप्टेंबर १९९२

लाडक्या तेक्लाला,

येशू ख्रिस्ताचा जयजयकार. (तू "सदासर्वदा" असं तिथूनच म्हण, मी ऐकलं असं धरून पुढे लिहिते.) तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे समुद्राकाठी हवा दमट, त्यात तू अनवाणी अंगणात जाणारी. सफरचंदं उतरवलीस का? शिडीवर चढत नाहीस ना? चौऱ्याहत्तरावं लागलंय तुला, हे मी सांगायला नको, पण मी थोरली, म्हणून सांगते. आमच्याकडे गहू निघाला, बटाटे निघाले, बीट अजून जमिनीत आहे.

तुझं दुखवट्याचं पत्र पोचलं. माझ्या मुलाच्या, ओरेस्टच्या नावावर होतं. त्याने वाचलं आणि गुपचूप माझ्या हातात दिलं, कारण ज्या बाईबद्दल होतं ती समोर बसून लसूण सोलत होती. तर पहिली गोष्ट, मी मेलेले नाही. खरं तर हे वरच लिहायला हवं होतं. पण पत्रात आधी तब्येत विचारायची असं बाईंनी शाळेत शिकवलं होतं, आणि मी तीनच इयत्ता शिकले, म्हणून जेवढं शिकले तेवढं सोडत नाही.

तुला फोन करून कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. पोस्टातल्या नेटीनेच. तिच्यावर रागवू नकोस, ती पण फसली. सगळं गाव फसलं. मुद्दाम कुणीच फसवलं नव्हतं, आणि जे झालं त्याने माझा जीव असा भांड्यात पडलाय की गेल्या दोन आठवड्यांत मी दुपारचीसुद्धा झोपते. तुला सगळं नीट सांगते. चहा घेऊन बस.

तुला माझी नात दार्का आठवते ती नऊ वर्षांपूर्वीची, म्हणजे तू आणि मी शेवटचं भेटलो तेव्हाची. (त्या लग्नाचा विषय मी इथे काढत नाही. मी भर पंगतीत बोलायला नको होतं, आणि तू कोशिंबिरीचं भांडं तसं ठेवायला नको होतं.) तेव्हा ती नुकती सिनेमा करायला लागली होती. आता बारा वर्षं झाली. पहिला सिनेमा आपल्या गावचं धान्याचं उंच लाकडी कोठार पाडलं, त्याचा. वीस मिनिटं कोठार पडतं. कुणी बोलत नाही. मी दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी मला आशा होती की पडणार नाही. दुसरा सिनेमा एका बापाचा, जो सगळा हिवाळा बिघडलेल्या ट्रॅक्टरशी झटतो आणि मुलीशी बोलत नाही. त्याला जर्मनीत बक्षीस मिळालं, काचेचा तिकोनी ठोकळा, मी त्याने दार अडवते. गावच्या हॉलात दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतला म्हातारा इवासिक मधेच उठून म्हणाला, "अरे बाबा, आधी त्याचा डिझेलचा पंप उघडून बघ." आणि सगळा हॉल माना डोलवायला लागला. त्यांना सिनेमा कळला नाही असं नाही, त्यांना ट्रॅक्टर जास्त कळला. पण ओरेस्टला वाटलं की तो बाप म्हणजे आपणच. (होताच तो.) तेव्हापासून माझा मुलगा आणि माझी नात एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. हिला सांग टायर बदल म्हणावं. त्यांना सांग बदलले म्हणावं. मी आपली मधे टेलिफोनच्या तारेसारखी.

मग तिने टोरांटोच्या टीव्हीवाल्यांना एक गोष्ट लिहून दिली. एक विधवा बाई आणि तिची गाय. फार सुंदर होती, मला वाचून दाखवली होती. त्यांनी बाईचा पोलीस केला आणि गाईचा कुत्रा केला, आणि शेवटी दार्काचं नाव पडद्यावरून इतक्या भरभर वर गेलं की मी चष्मा पुसेपर्यंत साबणाची जाहिरात लागली. त्यानंतर ती म्हणाली की आता आपलं आपणच करायचं, स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे काय गं, मी विचारलं. म्हणाली, मला कुणी हुकूम देत नाही. बघितलं तर जेवायलाही कुणी देत नव्हतं. गोष्ट ती लिहिणार, सिनेमा ती काढणार, फिल्म कापून ती जोडणार, व्हॅन ती चालवणार, आणि सगळ्यांना सँडविचही तीच करणार. सरकारी कला मंडळाला अर्ज लिहिते तेव्हा मी शेजारी बसते. एका अर्जात विचारलं होतं, ह्या सिनेमाची समाजाला गरज काय? मी म्हटलं, लिही, माझ्या आजीला पाहायचाय. तिने लिहिलं. नामंजूर झाला.

तर ऑगस्टच्या शेवटी ती नवा सिनेमा काढायला आली. बरोबर दोघंच, कॅमेरा सांभाळणारी ग्वेन आणि आवाज धरणारा दाढीवाला डंकन. एका दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरून वरेनिकींच्या कडा चिमटत होतो, ती खाली मान घालून म्हणाली, "आजी, हा शेवटचा." का गं? तर ओरेस्टने रेजायनाला विम्याच्या कचेरीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बसायला खुर्ची, खिडकी, दातांचा खर्च कचेरीचा. ती म्हणाली, मी छत्तीस वर्षांची झाले, थकले. ह्या सिनेमात एक अंत्यविधी आहे, त्यावरच सगळं उभं आहे. शनिवारी हॉल भरला तर सिनेमा होतो. कॅमेरा रविवारी परत द्यायचाय, म्हणजे दुसरा शनिवार नाही. नाही भरला तर सोमवारी मी रेजायनाला जाते. मी म्हटलं, थोडी माणसं नाही का चालणार? ती म्हणाली, "रिकाम्या हॉलातून नेलेली बाई आणि भरल्या हॉलातून नेलेली बाई, ह्या दोन वेगळ्या बायका असतात, आजी." तेक्ला, असं बोलणारी मुलगी विम्याच्या कचेरीत काय करेल? लोकांना घाबरवेल.

मी विचारलं, मरतंय कोण? तिने चार वरेनिकी चिमटल्या आणि म्हणाली, तू. खरं सांगू, मला आनंदच झाला. घरात एवढे सिनेमे झाले आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. ट्रॅक्टरचासुद्धा सिनेमा झाला.

सिनेमातल्या बाईचं नावही परास्काच. बदल की, म्हटलं, नावांचा काय दुष्काळ आहे? तर म्हणाली, दुसऱ्या नावाने मला रडू येत नाही.

आता गडबड कशी झाली ती ऐक. दार्काने घरोघर जाऊन सांगितलं होतं की शनिवारी अकरा वाजता सिनेमासाठी चर्चच्या हॉलात या. कसलं दृश्य ते सांगितलं नाही, कारण आधी सांगितलं की लोक घरूनच चेहरे पाडून येतात असं तिचं म्हणणं. सगळे म्हणाले, हो हो, बघू, जमलं तर. तुला माहीत आहे आपल्याकडे "बघू" म्हणजे काय. वर कापणी ऐन भरात, हवामानवाल्यांनी पावसाची भीती घातलेली. सिनेमासाठी कोण हार्वेस्टर थांबवतो? तिने सास्काटूनहून अकरा नट सांगून ठेवले होते, एवढीच खात्री.

गुरुवारी त्यांनी पोस्टात शूटिंग केलं. फळ्यावर मृत्यूचा कागद लागलाय आणि एक बाई तो वाचते, एवढंच दृश्य. कागद दार्कानेच छापलेला. काळी चौकट, मधे माझा फोटो (चांगला, ओरेस्टच्या लग्नातला), परास्का, शनिवार, अकरा वाजता, चर्चचा हॉल, नंतर जेवण. नेटी त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेलेली, पोस्टात तिची बदली बाई. दृश्य झालं, ऊन चांगलं होतं म्हणून तिघं पुढच्या दृश्याला धावली, आणि कागद राहिला फळ्यावर.

शुक्रवारी नेटी कामावर आली. तिने कागद पाहिला. आमच्या घरी फोन केला, तर लागेना, कारण डंकनने तो भिंतीतून काढून ठेवला होता, आवाज घेताना मधेच वाजतो म्हणून. मग ती गाडी काढून चार मैल आमच्याकडे आली, आणि फाटकातूनच तिला अंगणात शववाहिका दिसली. (शेजारच्या गावच्या अंत्यविधीवाल्याने जुनी गाडी आम्हाला दोन दिवस वापरायला दिली होती. आत डंकनच्या तारा होत्या.) शववाहिका उभी असताना दार वाजवायचं नसतं, घरच्यांना वेळ द्यायचा असतो. तेवढं नेटीला कळतं. ती फाटकातून माघारी गेली, आणि पुढे जे करतात ते तिने केलं. चर्चच्या स्वयंपाकाच्या बायकांना कळवलं, तुला कळवलं, ओरेस्टच्या ट्रक कंपनीत निरोप ठेवला. कुणी कुणाला उलटून विचारलं नाही. आपल्याकडे माणूस मेलं की प्रश्न विचारत नाहीत, अंडी उकडायला ठेवतात. आणि सिनेमासाठी न थांबणारं गाव परास्काच्या मातीसाठी हार्वेस्टर शेतात उभे करून, हातपाय धुऊन, कोट घालून निघालं. "बिचाऱ्या दार्काचा सिनेमाही राहिला," असं सगळे म्हणत होते म्हणे.

शनिवारी दहा वाजता मी पेटीत झोपले. आत छान गादी असते, पण उशी फार उंच. तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवली, घसा कोरडा पडू नये म्हणून. दार्काने बजावलं होतं, आजी, मी "कट" म्हणेपर्यंत हलायचं नाही, काही झालं तरी. मी डोळे मिटले. अकराला पाच कमी असताना पावलं वाजायला लागली ती थांबेचनात. खुर्च्या संपल्याचं ऐकू आलं. मग बाकं ओढली. मला वाटलं, पोरीने गाव जिंकलं. दार्कालाही तेच वाटलं, असं ग्वेन सांगते. आणि लोकांनी कॅमेरा पाहिला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? इवासिक माझ्या डोक्यापाशी म्हणाला, "घेऊ दे तिला. बारा वर्षं तेच करत आलीय, तिला दुसऱ्या तऱ्हेने रडता येत नसेल." फादर मेथोडींना तर हे नाटक असल्याचं माहीत होतं. खरी प्रार्थना एकही म्हणणार नाही ह्या अटीवरच ते आले होते. ते नंतर मला म्हणाले, "एकवीस वर्षं ह्या लोकांना ओळखतो, परास्का, आणि ह्यांच्या अंगात एवढी कला असेल असं मला वाटलं नव्हतं."

मग सगळे एकेक करून निरोप घ्यायला आले. तेक्ला, आयुष्यात एकदा तरी असं पडून पाहावं. एकजण म्हणाली, ईस्टरला होती त्यापेक्षा तब्येत बरी दिसते. एकाने कबूल केलं की माझ्या कुंपणावरचं गुलाबाचं रोप त्याच्या गुरांनी नाही, त्यानेच नेलं. नेटी वाकली आणि कुजबुजली, "मी तुझी सगळी पोस्टकार्डं वाचायचे गं. तेवढीच करमणूक होती." तिचे अश्रू माझ्या हनुवटीवर पडले, आणि मला पुसता येईना. चर्चच्या स्वयंपाकाची मुख्य बाई म्हणाली, तुझ्या खसखशीच्या रोलची कृती मी चोरली, पण माझा तुझ्यासारखा होत नाही. मला बोलावंसं फार वाटलं, की अगं, खसखस दुधात उकळून दोनदा वाटायची. पण तोंडात गोळी होती आणि पोरीचं आयुष्य टांगलेलं होतं.

आणि मग दार धाडकन उघडलं. बुटांवरून मी ओळखलं, ओरेस्ट. निरोप मिळाला तेव्हा तो ओंटारियोत होता. ट्रक वळवला आणि सगळी रात्र सलग चालवत आला. त्याला सिनेमातलं काही ठाऊक नव्हतं, लेकीने सांगितलं नव्हतं आणि मीही नाही, कारण टायरांपलीकडचा निरोप मी नेत नाही. तो पेटीपाशी आला आणि गुडघ्यांवरच बसला. बापाच्या वेळी न रडलेला माझा मुलगा, साठीला टेकलेला, रडायला लागला. म्हणाला, रविवारी फोन करणार होतो गं आई. म्हणाला, पोरीला खुर्चीत बसवायला निघालो होतो मी, तुला एका शब्दाने विचारलं नाही.

एकीकडे मुलगा, एकीकडे नात. उठावं तर दृश्य गेलं, रेजायना, विमा. न उठावं तर मी आई कसली? तेव्हा मी ओठ न हलवता (गोळीमुळे गाल आधीच बाहेर आला होता) हळूच म्हटलं, "ओरेस्ट, मी जिवंत आहे. कॅमेरा चालू आहे. रड."

त्याचं कपाळ पेटीच्या कडेवर आपटलं. इतक्या जोरात, की मला वाटलं आता हाच जातो. मग त्याने माझा हात धरला, हात गरम लागला असणार, आणि तेक्ला, तो असा रडला, असा रडला, की सगळा हॉल त्याच्यामागे हुंदके द्यायला लागला. त्यात अर्धं हसू होतं, ते फक्त मला माहीत. ग्वेनने सगळं घेतलं. मग दार्काचा आवाज आला, पार फाटलेला, "कट." आणि मी उठून बसले.

पुढचं थोडक्यात लिहिते. चर्चची मुख्य बाई खाली बसली, तिला पाणी दिलं. इवासिकने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग शिवी दिली. नेटी म्हणाली, "परास्का, मी सहा डझन अंड्यांची सँडविच केलीत," आणि एवढं बोलून खरोखरची रागावली. सगळेच रागावले. सिनेमात चेहरा दिसायचा तर प्रत्येकाची कागदावर सही लागते. दार्का सह्यांचे कागद हातात घेऊन उभी होती, आणि गावकरी टोप्या घालून दाराकडे निघाले होते. तिचा चेहरा मी पाहिला. पहिल्या सिनेमातलं कोठार पडायच्या आधी तसंच दिसत होतं.

मग मी पेटीतच उभी राहिले, एका हाताने ओरेस्टचा खांदा धरला आणि म्हटलं, "थांबा. डोळे मिटले होते, कान नव्हते. गुलाब कुणी नेला, पोस्टकार्डं कोण वाचतं, कृती कुणी चोरली, सगळं ऐकलंय. सही करा आणि जेवायला बसा, म्हणजे मी ते विसरते." पहिली सही नेटीने केली. मग रांग लागली. फादर मेथोडींनीही केली. त्यांनी काही कबूल केलं नव्हतं, पण बाकीचे काय काय बोलले असतील ते त्यांना ठाऊक असणार.

जेवण चांगलं होतं. स्वतःच्या मयताच्या जेवणाला इतकं पोटभर जेवलेली बाई गावात मी पहिलीच. ओरेस्ट आणि दार्का एका बाकावर बसले. ओरेस्टने नेटीची तीन सँडविच संपवली. मग ओरेस्ट म्हणाला, "डिझेलचा पंपच होता." ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा." माझ्यामार्फत नाही, थेट. सोमवारी त्याने स्वतः रेजायनाला फोन केला आणि सांगितलं की ती येणार नाही, तिला काम आहे. परवा टोरांटोहून धुतलेली फिल्म आली. सगळं स्वच्छ उतरलंय, ओरेस्टचं रडणं, इवासिकची टोपी, सगळं. (माझ्या गालातली गोळी दिसते. दार्का म्हणते, राहू दे.)

तर अशी मी जिवंत आणि आनंदात आहे, आणि मला तुझ्याकडून काहीही नको. मांजराला जप. गुडघ्यांना लोण्यात लसूण खलून लाव.

तुझी थोरली बहीण,
परास्का

ता.क. मी मेले असं समजून तू लिहिलंस की माझी कोबीच्या पानांतली होलुब्ची तुझ्यापेक्षा चांगली होते. ते पान मी चौकटीत घालून स्टोव्हच्या वर लावलंय. आता मागे घेता येणार नाही.

ता.क. दुसरं. तू त्याच पत्रात लिहिलंस की आईने कशिदा भरलेला तो लांब रुमाल, तसबिरीवर घालायचो तो, चौतीस वर्षं तुझ्याकडेच आहे, आणि तो माझ्या पेटीत ठेवायचा होता. मी ते तीनदा वाचलं. म्हणजे त्या लग्नात मी खरं बोलत होते. पण तू तो एवढी वर्षं नीट घडी करून ठेवलास, कसर लागू दिली नाहीस, तेही वाचलं. पोस्टाने पाठवू नकोस. नेटी उघडून बघेल.

ता.क. तिसरं. एक दृश्य राहिलंय. शेवटचं. सगळे गेल्यावर मेलेल्या बाईची बहीण उशिरा येते, पिशवीतून काहीतरी काढते आणि पेटीपाशी बसते. पिशवीत काय, ते दार्काला लिहिताना सुचलं नव्हतं. जिला घेतलं होतं त्या विनिपेगच्या नटीला टूथपेस्टच्या जाहिरातीत काम मिळालं. कॅमेरा पुन्हा दहा ऑक्टोबरला मिळतोय, थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी. ओरेस्ट तुला सास्काटूनच्या विमानतळावर घ्यायला येईल. तुला बोलायला एकही वाक्य नाही, दार्काने तुझ्याबद्दल बरंच ऐकलंय. फक्त यायचं आणि बसायचं. मी पेटीत असेन, डोळे मिटलेलेच हवेत म्हणते ती. म्हणून तू आत आलीस की हळूच खोक. नऊ वर्षं तुझा आवाज ऐकला नाही, पण खोकला मी ओळखीन.